‘वरूनच कमी आहे’ हे उत्तर आता घरबसल्या तपासता येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रब्बीला पाणी देण्याचे दिवस आले की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. गावाचे नाव तेवढे बदलते. कमी दाबाने वीजपुरवठा, जळालेल्या मोटारी आणि सुकू लागलेला हरभरा हा मजकूर तोच राहतो. गेल्या पंधरवड्यातील अशाच एका बातमीत, आमच्या शेजारच्या गावात विजेची ‘फ्रिक्वेन्सी कमी झाल्याने’ पंप चालत नसल्याचे लिहिले होते. यात बातमीदाराला दोष देता येणार नाही, कारण खांबावर चढणाऱ्यापासून टेबलामागे बसणाऱ्यापर्यंत सगळे जण आम्हाला वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत: ‘वरूनच कमी आहे.’ मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाचा निदेशक म्हणून आयुष्य काढले आणि निवृत्तीनंतर औसा तालुक्यातील माझ्या गावी राहतो. हे उत्तर किती खरे आहे, हे माझ्या नववीतल्या नातीने एका प्रकाशसंवेदकाच्या साहाय्याने, एकाही तारेला हात न लावता, ओसरीत बसून मोजून दाखवले. त्या मोजणीबद्दल आणि तिच्यातून निघालेल्या निष्कर्षाबद्दल हे पत्र आहे.

आधी दोन शब्द वेगळे केले पाहिजेत. विद्युतदाब म्हणजे व्होल्टेज, आणि वारंवारिता म्हणजे फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे घरगुती दाब २३० व्होल्ट असावा आणि त्यात सहा टक्क्यांहून अधिक फरक पडू नये, म्हणजे तो साधारण २१६ ते २४४ च्या दरम्यान राहावा, असा नियम आहे. वारंवारिता ५० हर्ट्झ असावी, म्हणजे प्रवाहाची दिशा उलटसुलट होण्याचे आवर्तन सेकंदाला पन्नास वेळा व्हावे, हे दहावीच्या विज्ञानातही शिकवले जाते. दाब हा जागेजागेचा असतो. डीपीजवळच्या, म्हणजे गावातल्या रोहित्राजवळच्या, घरात वेगळा आणि शेवटच्या खांबावरच्या घरात वेगळा, कारण मधल्या तारेत तो खर्च होतो. वारंवारितेचे तसे नसते. एकमेकांना जोडलेली सगळी वीजकेंद्रे एकाच तालावर फिरत असतात, आणि तो ताल तारेच्या लांबीने कमी होत नाही. परळीच्या औष्णिक केंद्राजवळ तो जितका असेल, तितकाच तो शंभर कोसांवरच्या वस्तीतल्या झिरोच्या बल्बमध्येही असतो.

हा ताल कशाने कमी-जास्त होतो, हे ज्याने रसवंती चालवली आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही. चरकात जाड ऊस घातला की इंजिनाचा आवाज बसतो आणि ऊस पार झाला की आवाज पुन्हा चढतो. देशभरातल्या जनित्रांचेही असेच आहे. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की मिनिटाला तीन हजार फेरे घेणारी ती अजस्र चाके किंचित मंदावतात आणि वारंवारिता ५० च्या खाली येते. मागणी घटली की ती ५० च्या वर जाते. म्हणूनच निर्मिती आणि मागणी यांचा मेळ घालणाऱ्या भार प्रेषण केंद्रात बसलेले अभियंते सर्वांत आधी हा एकच आकडा पाहतात. ग्रीड म्हणजे देशभर जोडलेले वीजजाळे; त्याच्या सध्याच्या संहितेनुसार तो ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवायचा असतो, आणि बहुतेक वेळ तो तिथेच किंवा त्याच्या आसपास असतो.

पूर्वी तसे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या संस्थेच्या कार्यशाळेत पॅनेलवर एक जुना रीड मीटर होता. त्यात पोलादाच्या बारीक जिभांची एक ओळ असते आणि प्रत्येक जीभ ठरावीक वारंवारितेलाच थरथरते, त्यामुळे जी जीभ पांढरी, पसरट दिसेल तो आकडा वाचायचा. नव्वदच्या दशकात संध्याकाळच्या वेळी ५० ची जीभ स्वस्थ आणि ४९ च्याही अलीकडची थरथरते आहे, असे मी विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवले आहे. त्या काळी ‘वरूनच कमी आहे’ म्हणणाऱ्याच्या बोलण्यात निदान अर्धे सत्य होते. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात, वारंवारिता घसरलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज उचलणाऱ्याला जास्त दर लावण्याची पद्धत सुरू झाली आणि शिस्त आली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रीड उर्वरित देशाशी एका तालात आली. त्या दिवसापर्यंत आपल्या उदगीरचा दिवा एका तालावर आणि सीमेपलीकडच्या बीदरचा दिवा दुसऱ्याच तालावर लुकलुकत होता, ही गोष्ट मराठवाड्यात फारच थोड्यांना ठाऊक असेल. डोळ्यांना ते दिसत नाही, इतकेच.

डोळ्यांना दिसत नाही ते संवेदकाला दिसते. प्रवाह एका आवर्तनात एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने शिखर गाठतो, आणि दिव्याला दिशेशी देणेघेणे नसल्याने तो दोन्ही वेळा उजळतो. म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूबलाइट यात सर्वांत उघड असते. साधा पिवळा बल्ब कमी लुकलुकतो, कारण शतांश सेकंदात त्याची तार थंड होत नाही, पण तीही संवेदकापासून लपत नाही. एलईडीचे दोन प्रकार आहेत. स्वस्त बल्बांपैकी बरेचसे शंभराच्या तालावर स्पष्ट थरथरतात; चांगल्या ड्रायव्हरचा, म्हणजे आत प्रवाह एकसारखा ठेवणारे चांगले मंडल असलेला, बल्ब इतका स्थिर असतो की त्याच्यासमोर संवेदक मुका बसतो. कोणता बल्ब कामाचा, हे पाहण्यासाठी उपकरणाचीही गरज नाही. दिव्याखाली पेन झपकन आडवा हलवावा. पेनाची एकसंध पुसट पट्टी दिसण्याऐवजी सुटे सुटे पाच-सहा पेन दिसले की बल्ब लुकलुकणारा आहे, असे समजावे.

नातीने पहिल्यांदा बाजारात सहज मिळणारा एलडीआर, म्हणजे प्रकाशानुसार रोध बदलणारा संवेदक, लावला, आणि त्याने काही म्हणता काही दाखवले नाही. एलडीआरला प्रकाशातला बदल ओळखायला काही दशक मिलिसेकंद लागतात आणि येथे तर दर दहा मिलिसेकंदांनी नवी उजळण येते. संध्याकाळी अंगणातला दिवा आपोआप लावण्यासाठी तो ठीक, या कामासाठी नाही. मग तिने बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरची सौरपट्टी काढली. ती एका लहान स्पीकरच्या अॅम्प्लिफायरला जोडून ट्यूबखाली धरली, तर खोलीभर ट्यूबचा घुमारा ऐकू आला आणि पट्टीवर हात आडवा धरताच तो थांबला. घरातल्या सगळ्यांना विषय खरा पटला तो त्या क्षणी. पुढे तिने सौरपट्टीच्या जागी सिलिकॉनचा फोटोडायोड (प्रकाशाला झटपट प्रतिसाद देणारा संवेदक) घेतला, दिवसाचा स्थिर उजेड अडवून फक्त लुकलुक पुढे जाऊ देणारा एक कपॅसिटर टाकला आणि त्या लहरीचे चौकोनी ठोके करून देणारी आयसी जोडली. आपल्याकडच्या दुपारच्या उजेडात फोटोडायोड दिपून जात असल्याने त्यावर पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा बसवला. पाइपचे तोंड ट्यूबच्या मध्यावर धरायचे, टोकांवर नाही, कारण टोकांजवळचा प्रकाश दोन्ही अर्ध्या आवर्तनांत सारखा नसतो आणि तिथे शंभराऐवजी पन्नासाचा ताल मिसळून मोजणी बिघडते. हे आम्हाला दोन संध्याकाळी वाया घालवल्यावर कळले.

मोजायचे कसे, हा खरा प्रश्न पुढे होता. एका सेकंदात ठोके मोजावेत तर ९९, १०० किंवा १०१ येतात, आणि एका ठोक्याचा फरक म्हणजे विजेच्या हिशेबात अर्धा हर्ट्झ. जो पट्टाच मुळी ०.१५ हर्ट्झचा आहे, तो अशा गजाने काय मोजणार? म्हणून उलट करायचे: ठोके ठरवून घ्यायचे आणि वेळ मोजायची. हजार ठोक्यांना ठीक दहा सेकंद लागले तर वारंवारिता ५०. दहा सेकंद आणि वर चार हजारांश सेकंद लागले, तर ४९.९८. उपकरणातल्या लहान मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे चिपवरच्या छोट्या संगणकाला, सेकंदाचा दशलक्षांश भाग मोजणे अवघड नसते, त्यामुळे आकडेमोड अचूक येते. घड्याळ अचूक असेल तर, ही त्यातली मेख.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हे उपकरण मांडले गेले तेव्हा त्यावर दिवसभर ५०.२१ ते ५०.२६ असे आकडे येत होते. त्याआधीच पडद्यावर दिव्याच्या लुकलुकीचा ‘१००’ हा आकडा पाहून एका परीक्षकांनी, ‘पन्नास हवेत, दुप्पट येतात म्हणजे तुझे चुकले,’ असा शेरा मारला होता, दुसऱ्यांनी ५०.२३ पाहून ग्रीडच बिघडल्याचे निदान केले. पहिला शेरा चूक होता, हे वर सांगितलेच आहे. दुसरे निदानही चूकच होते, पण तेथे आमच्याकडेही उत्तर नव्हते, आणि मुलीला बक्षीस मिळाले नाही याचे मला वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते की, तार न उघडता वीज मोजताच येत नाही, असे समजून तिसऱ्या परीक्षकांनी पाइपात डोकावूनही पाहिले नाही. ज्या वयात मुलांनी २३० व्होल्टला हात लावू नये असे आपण सांगतो, त्या वयासाठी याच्याइतका निर्धोक प्रयोग दुसरा नसेल, कारण संवेदक आणि वीज यांच्यामध्ये हातभर मोकळी हवा असते.

५०.२३ चे कोडे घरी सुटले. देशाची वारंवारिता संबंधित संस्थांच्या संकेतस्थळांवर दिसते, आणि तिथे त्याच वेळी ५०.०० च्या आसपास आकडा होता. मग मी तिला उपकरण तासभर नुसते सेकंद मोजत ठेवायला सांगितले आणि शेजारी मोबाइलचे घड्याळ ठेवले. तासाअखेर उपकरण सोळा-सतरा सेकंद मागे पडले होते. ३,६०० सेकंदांत सोळा-सतरा म्हणजे जवळपास ०.४६ टक्के, आणि ५० चे ०.४६ टक्के काढले की बरोबर ०.२३ येतात. दोष ना ग्रीडचा होता, ना मुलीच्या जोडणीचा. आम्ही वापरलेल्या अर्डुइनो उनो या सर्वत्र मिळणाऱ्या मायक्रोकंट्रोलर बोर्डात मुख्य घड्याळासाठी क्वार्ट्झचा स्फटिक नसून सिरॅमिकचा रेझोनेटर असतो, आणि त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंतचा फरक गृहीत धरलेला असतो. दिवे लावणे-मालवणे या कामात तो फरक कोणाला जाणवत नाही; येथे मात्र तो अख्ख्या देशावर आळ घेऊन गेला. डीएस ३२३१ नावाचे छोटे घड्याळ-मॉड्यूल जोडून दर सेकंदाचा ठोका त्याच्याकडून घेतल्यावर प्रश्न मिटला. त्याची चूक दहा लाखांत दोन भागांची, म्हणजे ५० हर्ट्झमागे ०.०००१ हर्ट्झची. युरोपात याच्या नेमके उलट घडले होते. तिथे भट्ट्यांची आणि गजराची अनेक घड्याळे विजेच्या तालावरच चालतात, आणि २०१८ च्या सुरुवातीला ग्रीडच्या एका कोपऱ्यातल्या वादामुळे सरासरी वारंवारिता केसभर खाली राहिल्याने ती मार्चपर्यंत जवळजवळ सहा मिनिटे मागे पडली होती.

प्रदर्शनातली आणखी एक घटना सांगण्याजोगी आहे. दुपारी लाईट गेली आणि शाळेने डिझेलचे जनरेटर लावले. आकडा एकदम ५१ च्या वर गेला. तेवढ्यात व्यासपीठावरचे ध्वनिक्षेपक आणि दोन मोठे हॅलोजन सुरू झाले, इंजिनाचा आवाज बसला आणि नातीच्या पडद्यावर आकडा खाली घसरताना तिथे जमलेल्या पोरांनी प्रत्यक्ष पाहिला. मी तीस वर्षे फळ्यावर जे काढून दाखवत होतो, ते त्यांना अर्ध्या मिनिटात कळले. जो हे उपकरण करील त्याने एवढे ध्यानात ठेवावे की, घरात इन्व्हर्टर चालू असताना घेतलेला आकडा हा इन्व्हर्टरचा असतो. तो कितीही सुंदर ५०.०० आला तरी त्याचा ग्रीडशी संबंध नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी, सात वाजून दहा मिनिटांनी, आमच्या घरात दाब १६८ व्होल्ट होता. ट्यूब पेटत नव्हती, नुसती दोन्ही टोकांना लालसर होऊन फडफडत होती, त्यामुळे एका स्वस्त एलईडी बल्बवर मोजणी केली. वारंवारिता आली ४९.९७. माझी धाकटी बहीण बीदरला दिलेली आहे आणि तिच्या मुलाने आमच्यासारखेच दुसरे उपकरण करून घेतले आहे. फोन चालू ठेवून आम्ही दोघांनी दर दहा सेकंदांना आकडे वाचत गेलो. ४९.९७, ४९.९७, ४९.९८, ४९.९८, पुन्हा ४९.९७. अर्ध्या तासात दोन्हीकडचे आकडे एकदाही शतांशाहून अधिक वेगळे पडले नाहीत. त्याच्या घरी दाब होता २२७ व्होल्ट. राज्य वेगळे, वीज कंपनी वेगळी, ताल एकच, आणि दाबात ५९ व्होल्टचा फरक. जर ‘वरून’ काही कमी असते, तर ते बीदरलाही कमी दिसायला हवे होते.

तरीही मी एवढ्यावर थांबलो नाही, कारण डीपीपर्यंतच दाब कमी येत असेल, अशी शंका कोणीही काढील आणि ती रास्त आहे. दुसऱ्या संध्याकाळी त्याच सुमारास डीपीला लागून असलेल्या घरात मोजले, तर दाब २०९ होता. आमच्या घरी, जे त्या ओळीच्या शेवटून दुसऱ्या खांबावर आहे, तो १७० होता. म्हणजे ३९ व्होल्ट गावातल्या तारेतच गेले. ती तार किती जुनी आहे, कुठे कुठे जोड दिलेले आहेत आणि तिच्यावर वीजचोरीचे किती आकडे टाकलेले आहेत, हे गावाला माहीत आहे. डीपीजवळचे २०९ हेही २१६ पेक्षा कमीच, आणि तेवढ्यापुरता दोष आमच्या गल्लीचा नसून रोहित्रावरच्या भाराचा किंवा त्यामागच्या अकरा केव्ही वाहिनीचा असेल. पण तोही आमच्याच भागातला आहे. त्याचे उत्तर मुंबई-दिल्लीच्या नियंत्रण कक्षात सापडणार नाही.

हा भेद शब्दांपुरता असता, तर मी आपल्या वृत्तपत्राची एवढी जागा अडवली नसती. शेतकऱ्याच्या खिशावर त्याचा परिणाम होतो. वारंवारिता ५० वरून ४९.९ झाली, तर मिनिटाला तीनशे फेरे घेणाऱ्या पंख्याचा अर्धा-पाऊण फेरा कमी होईल. मोटारीला ते जाणवणारही नाही. दाबाचे गणित मात्र वर्गाने चालते. २३० च्या जागी १६८ व्होल्ट मिळाले की मोटारीचा पीळ (टॉर्क) निम्म्याच्या जवळ, ५३ टक्क्यांवर येतो. विहिरीतल्या पाण्याचे ओझे तर तेवढेच राहते, मग मोटार जास्त प्रवाह ओढते, वायंडिंग तापते आणि तिसऱ्या दिवशी ती भरायला टाकावी लागते. मोटार भरून आणणारा शेतकरी ‘फ्रिक्वेन्सी’ला बोल लावतो, आणि ज्याने रोहित्राचा भार मोजायचा तो सुटतो.

वारंवारिता खरोखरच घसरते तेव्हा काय होते, तेही सांगतो. तेव्हा दिवा मंद होत नाही, तो जातो. ग्रीड कोसळू नये म्हणून ४९.४ हर्ट्झपासून पुढे टप्प्याटप्प्याने वाहिन्या आपोआप तोडणारे रिले बसवलेले असतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला तेव्हा साठ कोटींहून अधिक लोकांचे दिवे मिणमिणले नव्हते, विझले होते. आपली पश्चिम ग्रीड त्या वेळी वाचली. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले, तेव्हा मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता, ती प्रत्यक्षात सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली. जलविद्युत केंद्रांनी प्रामुख्याने तो झोका सांभाळला आणि वारंवारिता ४९.७० ते ५०.२६ या मर्यादेत राहिली. एवढा मोठा धक्का बसूनही आकडा हलला तो इतकाच. मग रोज संध्याकाळी सात वाजता आमच्या गावापुरताच तो कसा कोसळेल?

जाता जाता एक गोष्ट. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. अमेरिकेतील अशा वेधशाळांच्या नोंदींत तिथल्या ६० हर्ट्झ विजेची रेष हटकून उमटते आणि विश्लेषण करताना ती बाजूला काढावी लागते. आपल्याकडे ती पन्नासावर असेल. जगातल्या सर्वांत नाजूक उपकरणाला ज्या तालापासून सुटका नाही, तोच ताल नववीतली मुलगी कॅल्क्युलेटरच्या पट्टीने ऐकू शकते, हे आपल्या भागातल्या विज्ञान शिक्षकांनी लक्षात घेतले, तर प्रदर्शनांत दरवर्षी येणाऱ्या ज्वालामुखींची संख्या थोडी कमी होईल.

आपल्या दैनिकाकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली भाषेची: कमी दाबाच्या बातमीत ‘फ्रिक्वेन्सी’ हा शब्द, कोणी अधिकाऱ्याने उच्चारला तरी, तपासल्याशिवाय छापू नये आणि शक्य असेल तिथे किती व्होल्ट होते, तो आकडा विचारून द्यावा. दुसरी जागेची: आपण रोज जायकवाडी, मांजरा, येलदरी यांचा पाणीसाठा आणि बाजार समितीतले सोयाबीन-तुरीचे भाव छापता. त्याच चौकटीत आदल्या दिवशीची देशाची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वारंवारिता एका ओळीत द्यावी. हे आकडे सार्वजनिक आहेत, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. गावातल्या माणसाने सकाळी चहाच्या टपरीवर ती ओळ वाचली, की काल संध्याकाळी ‘वरून’ काय होते आणि काय नव्हते, हे त्याला विचारावे लागणार नाही.

आमच्या डीपीचा भार मोजावा आणि गावातली तार बदलावी, असा अर्ज मी संबंधित कार्यालयात दिला आहे. त्यात डीपीजवळचा दाब, घरातला दाब आणि त्या वेळची वारंवारिता असे तिन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहिले आहेत. अर्ज घेणाऱ्या कर्मचाऱ्याने तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवून, हा कुठून आणला, असे विचारले. मी बल्बकडे बोट दाखवले. पोच मिळाली आहे. भार मोजायला अद्याप कोणी आलेले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक (वीजतंत्री),
ता. औसा, जि. लातूर